उकळलेलं पाणी आणि अंजनाचा ताप

मित्रांनो, काळ्या डबीत कापसावर निजलेला मी एक म्हातारा थर्मामीटर. अंगानं काचेचा आणि स्वभावानं जरा ताठच. चूक मला खपत नाही. तरी आयुष्यात एकदा मी साफ चुकीचा ताप दाखवला. तशी ती चूक माझी नव्हतीच म्हणा!

कारखान्यात माझ्या अंगावर आकडे आणि एक लाल खूण उमटवली गेली. मग १९७० साली पुण्याच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी मला भाटघरच्या जाईबाईंच्या हातात दिलं. त्यांची नऊ वर्षांची अंजना सारखी पिवळी पडायची, चार पावलं चालली की धापा टाकायची. तिचं रक्त अंगातल्या अंगात मोडत होतं. डॉक्टरांनी पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, काढली आणि पोरगी वाचली. निघताना त्यांनी बजावलं, "हिला आता लागण सोसायची नाही. पाणी उकळून द्या. पारा ह्या लाल खुणेच्या वर चढला तर तडक दवाखाना गाठा. एरवी तीन महिन्यांनी शाळा, खेळ, सगळं करू द्या." तेच कागदावरही लिहून दिलं.

जाईबाईंनी ताप तेवढा ध्यानात ठेवला. खेळ पार विसरल्या. बिचाऱ्या! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

वर्ष सरलं. अंजनाचे गाल भरले, पण पाऊल उंबऱ्याच्या आतच. सकाळी मी तोंडात, दुपारी मी, सांजेलाही मीच.

"आई, लंगडी खेळाया जाऊ?"

"न्हाई. वारं लागंल."

"आगं, बरी झाली न्हवं पोर?" तिचे वडील सोपानराव म्हणायचे. "मग कोंडून का घालतीस?"

"तुमी गप बसा! माज्या मांडीवर निपचित पडली हुती ती."

अंजना सगळा राग माझ्यावर काढायची. "ह्या कांडीला काय कळतंय?" मला फार लागायचं. पण तिला मैत्रिणी हव्या होत्या, हे माझ्या आकड्यांत कुठून दिसणार?

जाईबाई मला आधी झटकायच्या, मग गार पाण्यानं धुवायच्या. एके दुपारी अंजना शिंकली आणि त्या घाबरल्या. पोरीच्या तोंडात जाणारी वस्तू उकळलेल्या पाण्यानंच धुवावी, असं त्यांच्या मनानं घेतलं. चुलीवरून उतरवलेलं पाणी कोमट होईस्तोवर निववून त्यांनी माझ्यावर ओतलं. माझा पारा सरसर चढला तो थेट एकशेचारावर! आणि एकदा चढलेला माझा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. मला तसंच त्यांनी पोरीच्या तोंडात दिलं.

"अगं बया! आवं, गाडी जुपा! पोर फणफणलीया!"

सोपानरावांनी बैलगाडी भोरकडे पिटाळली. जाईबाई वाटभर रडत होत्या. "आई, मला कायबी हुत न्हाई गं," अंजना सांगत होती. ऐकतंय कोण! मला ओरडून खरं सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठंय?

भोरच्या दवाखान्यात चंद्राबाई नर्सनी अंजनाचं कपाळ चाचपलं, मला झटकलं आणि तिच्या जिभेखाली ठेवलं.

"ताप कुठाय? अठ्ठ्याण्णव तर आहे."

"आवो, एकशेचार हुता!"

"धुतला कशानं?"

"उकळल्याल्या पान्यानं. निववून."

चंद्राबाईंना हसू आवरेना. "अहो, मग ताप पाण्याला होता! पोरगी ठणठणीत आहे."

जाईबाईंनी पोरीला छातीशी ओढलं. हसताहेत की रडताहेत, काही कळेना. मलाही हायसं वाटलं बघा! मग चंद्राबाईंनी माझ्या डबीत घडी घालून ठेवलेला पुण्याचा कागद मोठ्यानं वाचला, अगदी 'खेळू द्या'पर्यंत.

"लई दिस कोंडलं का गं तुला म्या?" जाईबाईंनी विचारलं.

"व्हय," अंजना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंजना शाळेत गेली आणि संध्याकाळी गुडघा खरचटून घरी आली. जाईबाईंचा हात माझ्या डबीकडे गेला, थबकला. त्यांनी गुडघा धुतला, पोरीला उकळलेलं पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "जा, अजून उजेड हाय." त्यानंतर मी वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळीच डबीबाहेर आलो. जुन्या वस्तू अडगळीत पडल्या की रडतात म्हणे. मी नाही बुवा रडलो!

मित्रांनो, मला जपा, गार पाण्यानं धुवा, तापाला हलकं समजू नका. पण दुखण्यातून उठलेली मैत्रीण दारात उभी दिसली, तर तिला खेळायला हाक मारा. पोर आजारी नाही, एवढंच मला सांगता येतं. ती बरी झाली, हे तुमच्यासोबत धावल्याशिवाय तिच्या आईलासुद्धा पटत नाही.