खळ्यावरचं जाळं

डोळखांबच्या वर, पाड्याच्या टोकाला धाऊचं खळं होतं. नाचणी कापून टाकली की दाणे टिपायला होल्यांचे, रानकबुतरांचे थवे उतरत, म्हणून त्यानं भोवती नायलॉनचं जाळं बांधलं. रोज दहा-बारा होले अडकत. बायको, बाळी, त्यातले काही शिजवी. दुसऱ्या दिवशी तितकेच पुन्हा हजर.

त्या सकाळी वारुळाकडच्या बाजूचं जाळं ओढलं जाऊन उपटलेलं दिसलं. आत खवले मांजर गुरफटून पडलं होतं. धडपडीत दोरा खवल्यांखाली शिरून मांसात रुतला होता. शेपटीला वीतभर पिल्लू चिकटलेलं. धाऊचा बाप जन्मभर रानात फिरला. त्याला हे जनावर दोनदाच दिसलं होतं.

बाळीचा भाऊ गोमा धावत आला. "दाजी, गप ऱ्हा. खवले घेनारा मानूस हाय माज्या वळखीचा. कुनाला कलनार नाय."

"पिल्लू जित्तं हाय रे," बाळी म्हणाली.

धाऊनं विळ्यानं एकेक दोरा कापला. मादी पिल्लाभोवती वेटोळं करायला बघत होती, पण अंग वळेना. त्यानं स्वतःच वनरक्षक मनस्वीला फोन लावला.

जीप पोचेपर्यंत मादीचा जीव गेला. पिल्लू तिला सोडेना. मनस्वीला नखं एकेक करून सोडवावी लागली. त्यानं दूध तोंडात घेतलंच नाही. तिसऱ्या दिवशी तेही गेलं.

जबाब घेताना मनस्वीनं विचारलं, "जाळं कोणी लावलं?"

"मीच. होल्यांसाठी."

"होलेही मारायचे नसतात, धाऊदादा. पण त्यांची वर्षभर अंडी-पिल्लं चालू असतात. हिला वर्षाला एकच. पाच वर्षं हे डोंगर फिरतेय, मला दिसलेली ही पहिलीच."

धाऊ म्हणाला, "होले संपतील असं कदी वाटलंच नाय, बाई. तसंच सगलं रान वाटलं."

"फोन तुम्ही केलात, ते मी लिहिते. पण गुन्हा नोंदवावाच लागेल."

त्यानं मान डोलावली आणि सही केली.

गोमानं बोलणं टाकलं. शहापूरच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या आणि धाऊला त्या साली दरवर्षीसारखं वीटभट्टीवर कामाला जाता आलं नाही. भट्टीचा टेम्पो आला तेव्हा बाळी एकटीच भांड्यांचं गाठोडं घेऊन मागे चढली. धाऊ टेम्पोच्या मागच्या फळकुटाला हात लावून उभा राहिला. तिनं खाली वाकून विचारलं, "जेवाल ना येलेवर?"

तो हो म्हणाला. टेम्पो हलला.