पिवळी कडी

गाडी सुरू होताना पहिले तीन-चार क्षण तिच्या पोटातून जो खडखडाट उमटे, तो नकाशेवाल्यांनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. ते स्वभावाने हयगय करणारे नव्हते. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांची अडतीस वर्षे गेली होती. कागदावरची रेषा केसभर सरकली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना नकाशेवाले म्हणूनच ओळखी, आणि पत्नीने घरातल्या घरात ठेवलेले नाव ‘मोजपट्टी’ असे होते. परंतु आठ महिन्यांपूर्वी पत्नीचे डावे अंग लुळे पडले. तेव्हापासून तिला उठवणे, न्हाऊ घालणे, दोन वेळचा स्वयंपाक आणि औषधांच्या वेळा यांत दिवस असा झिजून जाई, की आणखी एखादी वस्तू बिघडली आहे हे मान्य करण्याचेही त्राण त्यांच्यात उरत नसे.

अखेर एका मंगळवारी तो आवाज थांबेचना. तेव्हा ते गाडी हळूहळू हाकीत मिस्त्रींकडे गेले. हे मिस्त्री केवळ याच जुन्या बनावटीची इंजिने उघडत. त्यांच्या गॅरेजात दुसरी गाडी दिसली, तर ती वाट चुकून आलेली असे. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवले, मूठ कानाशी धरली आणि क्षणभर डोळे मिटले.

“टायमिंगची साखळी ताणली गेलीय, साहेब. किती दिवस वाजतेय?”

“असेल... आठवडाभर.”

“महिना म्हणा.”

नकाशेवाल्यांनी खाली मान घालून महिना मान्य केला.

“एक दात जरी सरकली ना, तर वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटतील. मग साखळी नाही, इंजिनच बदला. आजपासून चावीला हात लावायचा नाही.”

“मग इथेच ठेवतो. गुरुवारपर्यंत मिळेल?”

मिस्त्री हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. “कुठला गुरुवार ते सांगा. समोर सहा गाड्या उभ्या आहेत. तीन आठवडे माझे हात अडकलेत.”

तीन आठवडे. मिस्त्रींनी नकाशेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आत जाऊन एक खोके आणले आणि त्यांच्या हातात ठेवले. “घाई असेल तर घरी करा. साखळी, पट्ट्या, ताण देणारा दांडा, सगळं यात आहे. गाडीचं पुस्तक आहे ना? मग झालं. एकच सांगतो, जोडून झालं की हाताने दोन फेऱ्या फिरवा, पुन्हा बघा, आणि मगच चावी.”

त्यांची घाई गाडीसाठी नव्हती. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, पत्नीला शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंकडे न्यावे लागे. त्या बाईंनी प्रारंभीच बजावले होते, की आठवड्याहून अधिक खंड पडला तर डाव्या हाताची बोटे पुन्हा मिटू लागतील, आणि एकदा मिटलेली बोटे उघडणे हे आधीपेक्षा दुप्पट कष्टाचे असते. आता प्रश्न असा, की पत्नीला बसता येई ते केवळ याच गाडीत. हिचे दार रुंद उघडे आणि आसनाची उंची चाकाच्या खुर्चीशी तंतोतंत जुळे. उजवा हात दाराच्या चौकटीवर, एक झोका, आणि ती आत. मध्यंतरी एकदा भाड्याची गाडी बोलावली होती. तिचे आसन वीतभर उंच. पत्नी अर्ध्यातून घसरली आणि रस्त्यावर बसली. त्यानंतर “पुन्हा त्या उंटावर मी चढायची नाही” हे त्या विषयावरचे तिचे शेवटचे वाक्य होते, आणि ते तिने पाळले.

दोर बांधून गाडी घरी ओढून आणली. गुरुवार चुकला. म्हणजे सोमवारची सकाळ चुकून चालणार नव्हते.

शुक्रवारी दुपारी मेहुणा हत्यारांची पेटी घेऊन आला. तो पाणीपुरवठ्याच्या पंपांवर नोकरीला होता. त्याच्या हातात पाना असला की तोंड आपोआप चाले.

“भावोजी, ताईला विचारून घेतलंत ना? नाहीतर मोजपट्टी आणि पाना यांचं लग्न लावल्याचं पाप माझ्या माथी यायचं.”

“अरे धाकट्या,” बहीण ओसरीवरून म्हणाली, “लग्न लाव, पण मुहूर्त सोमवारच्या आधीचा काढ.”

अंगणात गाडीखाली पुठ्ठे अंथरून दोघे कामाला लागले. पाणी उतरवले, पट्टा सोडला, पुली काढली. पुढचे झाकण निघाले तेव्हा आतले यंत्र दिसले: खाली लहान दातेरी चक्र, वर मोठे, आणि दोहोंवरून गेलेली काळी, सैल साखळी. दोन्ही चक्रांच्या कडेला एकेक ठिपका कोरलेला होता, आणि नव्या साखळीच्या दोन कड्या पिवळ्या रंगवलेल्या होत्या. पुस्तकातली आकृती स्वच्छ होती: खालच्या ठिपक्यावर एक पिवळी कडी, वरच्या ठिपक्यावर दुसरी. नकाशेवाल्यांनी ती आकृती पाहून पहिल्यांदा समाधानाचा श्वास घेतला. कुणीतरी चांगल्या हाताने काढलेली ती आकृती होती.

त्याप्रमाणे साखळी बसवली. संध्याकाळी खालच्या चक्राच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवले. चक्रांवरचे ठिपके आपापल्या जागी परतले. पिवळ्या कड्या मात्र परतल्या नाहीत. एक कुठेतरी मध्यावर लोंबत होती, दुसरी वरच्या चक्राच्या मागच्या अंगाला.

“साखळी घसरली,” नकाशेवाले म्हणाले.

“घसरली असती तर ठिपके कसे जुळले असते, भावोजी?”

“आकृतीत काय आहे? कडी ठिपक्यावर आहे. इथे आहे का?”

शनिवारी सारे उतरवून पुन्हा जोडले. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा ठिपके जागेवर, पुन्हा पिवळ्या कड्या परागंदा. मिस्त्रींना फोन केला. तो नुसता वाजत राहिला. रविवारी सकाळी तिसऱ्यांदा. नकाशेवाल्यांनी साखळीच्या कड्या मोजल्या, चक्रांचे दात मोजले, सर्व आकडे जमिनीवर खडूने लिहून ठेवले. पण आकड्यांकडे पाहून विचार करण्याएवढी जागा त्यांच्या डोक्यात नव्हती. मध्येच उठून ते हात धूत, कुकर लावीत, पत्नीला कूस बदलून देत, पुन्हा गाडीखाली सरकत. त्यांच्या बोटांच्या पेरांवर कातडे सोलले होते.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास तिसरी जोडणी पुरी झाली आणि पाना फिरला. एक फेरी. दोन. मेहुण्याने विजेरीचा झोत आत टाकला आणि विझवला.

“काढ,” नकाशेवाले म्हणाले.

“भावोजी, नका ना.”

“काढ म्हणतोय ना.”

“तीन दिवस झाले! तीनदा तेच! माझ्या कमरेचं टायमिंग गेलंय आता. हे बघा, कुठे अडत नाही, कुठे आपटत नाही. मी म्हणतो लावा चावी.”

“आणि आपटले तर? उद्या काय तू खांद्यावर नेणार आहेस ताईला?”

मेहुण्याने पाना पुठ्ठ्यावर टाकला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला.

ओसरीवर मात्र एक लयबद्ध कर्र-कर्र चालू होती. तीन महिन्यांपूर्वी मेहुण्यानेच एका मोडक्या सायकलचे पॅडल आणि साखळी लोखंडी चौकटीवर बसवून बहिणीसाठी व्यायामाचे यंत्र बनवले होते. ती खुर्चीत बसून पाय चालवी. डावा पाय पट्ट्याने पॅडलला बांधलेला, उजवा त्याला ओढून नेई. साखळी जुनी होती, केवळ एक कडी नवी घातलेली, म्हणून तेवढीच चकाके. रोज दोनशे फेऱ्या. त्या मोजण्याचे काम नकाशेवाल्यांनी मागून घेतले होते आणि आठवड्याभरातच ते विसरले होते.

कर्र-कर्र थांबली.

“अहो, मी काय म्हणते...”

“थांब गं जरा. पाणी हवंय का?”

“पाणी नकोय.”

“मग उशी?”

“मोजपट्टी!” ती म्हणाली. आठ महिन्यांत या स्वरात तिने त्यांना हाक मारली नव्हती. “मी आजारी आहे, बहिरी नाही आणि वेडीही नाही. शुक्रवारपासून तुमचं ऐकतेय. तुमची पिवळी कडी दोन फेऱ्यांनी जागेवर येत नाही, एवढंच ना दुखणं?”

“हो.”

“माझी पाचव्या फेरीला येते.”

“काय?”

“ही चकचकीत कडी. हिच्यावरच तर मी मोजते, तुम्ही सोडून दिल्यापासून. पायाशी दिसते, मग नाहीशी होते, आणि बरोबर पाचव्या फेरीला पुन्हा पायाशी. चाळीसदा दिसली की दोनशे झाल्या.” तिने उजव्या हाताने पदर सारखा केला. “मधल्या चार फेऱ्यांत माझी सायकल बिघडलेली असते का?”

नकाशेवाले उभे होते तेथेच पायरीवर बसले. खडूने लिहिलेले आकडे त्यांच्या पायाशीच होते: खालच्या चक्राला अठरा दात, वरच्याला छत्तीस, साखळीला चौऱ्याण्णव कड्या. तीन दिवस ते या आकड्यांना ओलांडून जात-येत होते. त्यांनी खडू उचलला. खालच्या चक्राच्या एका फेरीला साखळी अठरा कड्या पुढे सरकते. चौऱ्याण्णव कड्यांचा फेरा पुरा होऊन दोन्ही चक्रे आणि दोन्ही पिवळ्या कड्या एकाच वेळी मूळ जागी येण्यास किती फेऱ्या लागतील? त्यांनी गुणाकार केला, भागाकार केला, आणि उत्तराखाली सवयीने दोन रेषा मारल्या.

“चौऱ्याण्णव फेऱ्या,” ते म्हणाले.

“म्हणजे शुक्रवारीच...” मेहुणा हळूच बोलला.

“शुक्रवारीच बरोबर होती.”

मेहुणा पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि आकाशाकडे पाहू लागला. नकाशेवाले मांडीवरचे पुस्तक उघडून त्या आकृतीकडे पाहत राहिले. तीत काहीच चुकीचे नव्हते. बसवण्याच्या क्षणी साखळी जशी असते तशी ती काढलेली होती. पुढच्या क्षणी ती कशी असेल, हे सांगण्याचे वचन तिने दिलेच नव्हते. अडतीस वर्षे अशाच आकृत्या काढलेल्या माणसाला हे दुसऱ्या कुणी सांगावे लागावे, याची त्यांना लाज वाटली; पण लाज नीट वाटण्यासाठी लागणारी शक्तीही अंगात नव्हती.

ते उठले, पाना उचलला आणि खालच्या बोल्टला लावला.

“आता काय?” मेहुणा धसकून उठला.

“चौऱ्याण्णव फेऱ्या फिरवून खात्री करून घेतो.”

“भावोजी, मी आत्ताच्या आत्ता संन्यास घेतो बघा!”

नकाशेवाल्यांनी फिरवायला सुरुवात केली. एक. दोन. सहावीला पाना हातातून निसटला आणि सोललेल्या पेरावर लागला. त्यांनी ओसरीकडे पाहिले. पत्नी त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या नजरेत आग्रह नव्हता आणि दयाही नव्हती. दुकानात उभे राहून माणूस जशी दुसऱ्याचे काय घ्यायचे ते ठरण्याची वाट पाहतो, तशी ती पाहत होती.

“तुझी पाचव्याला येते,” ते म्हणाले. “नक्की?”

“रोज चाळीसदा.”

त्यांनी पाना खाली ठेवला. “झाकण आण,” ते मेहुण्याला म्हणाले.

झाकण, पुली, पट्टा, पाणी, तेल. सूर्य कलताना सारे जागेवर बसले. चावी लावण्याआधीच पत्नीने गाडीत बसण्याचा हट्ट धरला. “चालली तर मी आत असेन, नाही चालली तर ओरडायला जवळ असेन.” उजवा हात चौकटीवर, एक झोका, आणि ती आत. नकाशेवाले स्टिअरिंगमागे बसले. त्यांनी चावी घातली आणि फिरवली.

ताण देणाऱ्या दांड्यात तेल भरेपर्यंत एकच ‘टक्’ झाले. त्यानंतर जिथे खडखडाट असायचा तिथे सलग, मऊ गुरगुर होती. एक क्षण, दोन, तीन, दहा. मेहुण्याने बॉनेटवर थाप मारली आणि चहा टाकायला आत पळाला.

नकाशेवाल्यांनी इंजिन बंद केले. सोमवारी नऊला निघायचे, तर साडेआठला खुर्ची बाहेर काढावी लागेल, असे काहीतरी ते म्हणाले. निदान म्हणू लागले. वाक्य मध्येच राहिले. मान आसनावर कलली, तेलाने काळे झालेले हात मांडीवर उताणे पडले, आणि ते झोपी गेले.

मेहुणा तीन कप घेऊन आला तेव्हा बहिणीने ओठांवर बोट ठेवले.

“भावोजी झोपले?” तो खिडकीशी वाकून कुजबुजला.

“हळू बोल. चौऱ्याण्णव फेऱ्या झाल्यात त्यांच्या.”

त्याने एक कप तिच्या उजव्या हातात दिला, उरलेले दोन बॉनेटवर ठेवले, आणि पुठ्ठ्यावर विखुरलेले पाने एकेक करून, आवाज न होऊ देता, पेटीत भरू लागला.