मागचा डावा पाय

"माजावर आलेली हत्तीण ओळखायची कशी?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि चाऱ्याच्या शेडमध्ये खुर्च्यांवर बसलेले सोळाच्या सोळा माहूत आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले.

हत्तींचं आरोग्य आणि प्रजनन, असं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिले दोन दिवस नखं, तळवे आणि जंत यांत बरे गेले. आज तिसरा. एरवी या विषयावर ज्यांची तोंडं आवरत नसत, त्यांची लेकीच्या वयाच्या बाईपुढे दातखीळ बसली होती.

"म्हाताऱ्याला विचारा," सुळेवाल्या नर हत्तीचा माहूत म्हणाला. त्याला सगळे ढेरपोट्या म्हणत आणि तो खुशाल ओ देई. "आमच्यात जुना तोच."

म्हातारा उठला. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि गुडघ्यांना ते आधीच कळलं होतं.

"हत्तीण काही दाखवत नाही, बाई. गाय हंबरते तरी. हिला बघायचंच नाही, सुळेवाल्याला बघायचं. तिने जिथे लघवी केली असेल तिथे तो सोंडेचं टोक टेकवतो, मग तोंडात घालतो. एरवी लगेच पुढे जातो. माजावर असली की तिथेच उभा. ढकला, ओरडा, हलायचा नाही. तीन-चार दिवस हा तमाशा. मग पुन्हा चार महिने शांत."

डॉक्टरबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "पुस्तकात हे इतकं नीट लिहिलेलं नाही, काका. तुमची हत्तीण कोणती?"

"टोकाची. पोरगी."

"वय?"

"बेचाळीस."

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या. "पिल्लं किती?"

"एकही नाही."

"एवढं कळतं तुम्हाला, आणि एकही नाही?"

बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं होतं. "नशीब," असं पुटपुटून म्हातारा खाली बसला.

नशिबाचा यात काडीचा संबंध नव्हता. म्हातारा पंधरा वर्षांचा असताना त्याच्या बापाची हत्तीण विताना अडली आणि दोन दिवसांनी गेली. बापाने पुन्हा कुठल्याही जनावराच्या मानेवर पाय टाकला नाही. पुढे नऊ वर्षांची पोरगी म्हाताऱ्याच्या हवाली झाली, तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं, हिच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही. सुळेवाला रोज सकाळी तिच्या ठाणावरून नदीवर जायचा. म्हातारा त्याच्या आधी येऊन बादलीभर पाणी मारून फरशी खराट्याने घासून काढायचा. तरीही सुळेवाल्याची पावलं अडखळली, की तब्येतीच्या वहीत नोंद व्हायची: मागचा डावा पाय दुखतो, वेगळी बांधावी. कुणी बघायला आलंच तर पोरगी तो पाय उचलून धरायची आणि म्हातारा तळव्याला तेल चोळत बसायचा. तसं तिला त्यानेच शिकवलं होतं.

आणि खरं सांगायचं तर भीती निम्मीच होती. पिल्लू झालेली हत्तीण माहुताची राहत नाही. हाक मारली की ती आधी पिल्लाकडे बघते, मग याच्याकडे. ते म्हाताऱ्याला सोसवलं नसतं.

दुपारी तो घरी जेवायला आला.

"काय शिकवलं आज?" बायकोने विचारलं.

"मीच शिकवलं."

"मग तोंड का पडलंय?"

त्याने ताट सरकवलं. "ती बाई म्हणाली, एकही पिल्लू कसं नाही?"

बायकोने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "अहो, तीस वर्षं रोज सकाळी माझी बादली घराबाहेर जाते. मला काय कळत नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पहिल्याच वर्षी. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात."

ते त्याला आठवलं. अबोला लक्षात होता, त्याचं कारण तेवढं तो विसरून गेला होता.

चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. सोनोग्राफीचं यंत्र पोरगीच्या ठाणापाशी आणून ठेवलं होतं. बाकीचे यायच्या आधी डॉक्टरबाईंनी म्हाताऱ्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तब्येतीच्या जुन्या वह्या पसरल्या होत्या.

"मागचा डावा पाय," त्या म्हणाल्या. "काल मी तो तपासला. इतका निकोप तळवा इथे दुसऱ्या कुणाचा नाही."

त्यांनी एक वही त्याच्यापुढे सरकवली.

"दर पंधरा-सोळा आठवड्यांनी दुखतो. बरोबर चार दिवस. वीस वर्षं, एकदाही चूक नाही. काका, माजाची इतकी चोख नोंद मी कुठल्याच हत्तीखान्यात पाहिली नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं म्हाताऱ्याला वाटलं. "आणि सहा वर्षांपूर्वी पाय एकदम बरा झाला."

"हो."

सुळेवाला अडखळायचा थांबला, तो दिवस म्हाताऱ्याला लख्ख आठवत होता. सुटलो एकदाचे, असं म्हणून त्याने पोरगीला उसाची अख्खी मोळी घातली होती.

"तिला जपायला गेलो, बाई," तो म्हणाला.

तपासणीला पोरगी शहाण्यासारखी उभी राहिली. डॉक्टरबाई खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मागे, म्हातारा पुढे तिच्या कानाशी बोलत. पंधरा माहूत पडद्यावरच्या करड्या ढगांकडे माना वाकड्या करून बघत होते. डॉक्टरबाई त्यांना शिकवतच होत्या, त्यामुळे म्हाताऱ्याला जे कळायचं ते सगळ्यांबरोबरच कळलं. गर्भाशयात गाठी होत्या. पिल्लू न होता माजामागून माज येत गेले की आतलं सगळं थकतं आणि अशा गाठी धरतात. जी विशी-पंचविशीच्या आत एकदा विते, तिचं सहसा असं होत नाही.

ढेरपोट्याने हळूच म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याला पाय माहीत होता, बादलीही माहीत होती. तोही बोलला नव्हता.

सगळे पांगल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "आता काहीच नाही का? मी चाललो, बाई. हिला मागे कुणी नको? त्या पलीकडच्या दोघींना लेकी आहेत. ही एकटीच."

डॉक्टरबाईंनी हातमोजा उतरवला. "माज पुरता थांबलाय, असं छातीठोक सांगत नाही मी. पुन्हा माजावर आली तर कळवा. अवघड आहे. पण कळवा."

म्हाताऱ्याने तेवढंच धरून ठेवलं. सहा वर्षं आपण पाणी मारतच होतो, सुळेवाल्याला वासच गेला नसेल, असं त्याने स्वतःला पटवलं. चार महिने म्हणजे एक पुरता फेरा. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दाराशी ठेवलेली बादली त्याने उचलली नाही.

फरशी तशीच राहू लागली. रोज सकाळी म्हातारा खांबाला टेकून बसायचा. ढेरपोट्या सुळेवाल्याला घेऊन यायचा, ठाणापाशी त्याची चाल मुद्दाम मंद करायचा. सुळेवाला सोंडेचं टोक टेकवायचा, तोंडात घालायचा आणि नदीकडे निघून जायचा. "उद्या बघू," ढेरपोट्या वरून म्हणायचा. पहिला महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यानंतर ढेरपोट्या नुसती मान हलवू लागला.

शेवटच्या दिवशी म्हातारा उजाडताच आला. नवा गडी आठ वाजता ताबा घेणार होता. सुळेवाला आला. ढेरपोट्याने त्याला पार उभाच केला. त्याने सोंड टेकवली, तोंडात घातली, कान हलवले आणि पुढे चालू लागला. ढेरपोट्याने या वेळी मागे वळूनही बघितलं नाही.

म्हातारा उठून पोरगीजवळ गेला. चार माणसं ठाणाकडे येताना दिसली: साहेब, नवा गडी आणि आणखी दोघं. पोरगीनेही त्यांना बघितलं. कुणी काही न सांगता तिने मागचा डावा पाय उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"ठेव गं," तो म्हणाला. "खाली ठेव."

तिने ठेवला नाही. माणसं आता समोर येऊन उभी होती ना. मग म्हातारा गुडघे वाजवत खाली बसला, तो पाय मांडीवर टेकवून घेतला आणि तेल नसलेल्या हाताने चोळत राहिला.