वल्ह्याची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. आमच्या पालावान बेटावर मला बांका म्हणतात. इसिंगच्या वडिलांनी मला घडवले, तोल सांभाळायला दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या बांधल्या आणि लेकीच्या हाती सोपवले. माणसे समुद्र वरून पाहतात. माझे पोट पाण्यात असते, म्हणून मला खालचेही दिसते. खाली पाहायची मला आता भीती वाटते.

आमच्या खाडीच्या तळाशी गवताचे कुरण आहे. तिथे एक समुद्रगाय पिल्लाला घेऊन चरायची. नांगर तिच्या पाठीत बसू नये म्हणून आधी होडीच्या कडेवर वल्ह्याने टकटक करायची, ही इथली रीत. "सरक गं बाई थोडी," असे इसिंग म्हणायची आणि गाय पिल्लासकट बाजूला व्हायची. लोक म्हणत, इसिंगची बांका गाईशी बोलते. ते ऐकून मी फुगून जायचे.

मग बाहेरच्या समुद्रात एक तेलाचे जहाज फुटले. खाडीचे पाणी काळे आणि जड झाले. एक बगळा त्यात उतरला तो पुन्हा उडालाच नाही. वासाने इसिंगला ओकारी आली. गावाने नारळाच्या काथ्याने तेल टिपून पाहिले, पण ते काही आवरेना. शेवटी शेजारचा डेन्सिओ कपड्यांच्या साबणपावडरीची पोती घेऊन आला. इसिंगला तो मानांग, म्हणजे ताई, म्हणायचा.

"मानांग, ताटाचं तेल निघतं, मग खाडीचं का नाही निघणार?"

"आणि तुझी बायको कपडे कशाने धुणार?"

"खाडीत बुचकळ म्हणावं. फेस तयारच आहे."

सगळे हसले. इसिंगनेही माझ्यावर बसून पोतेभर पावडर ओतली. पाणी निवळले तसा गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र खालचे दिसत होते. काळे कण माझ्या पोटाखालून खाली जात होते आणि गवतावर बसत होते. मला ओरडता येत नव्हते.

दुसऱ्या सकाळी इसिंगने नांगर ओढला. त्याला काळे, बुळबुळीत गवत लटकले होते.

"डेन्सिओ, हे गेलं नाही रे. खाली बसलंय."

तेवढ्यात गाय श्वास घ्यायला वर आली. मागे पिल्लू होते. इसिंग माझ्या कडेवर वल्हे आपटू लागली.

"जा! इथलं खाऊ नकोस. लांब जा गं!"

"मानांग, वल्हं मोडेल."

"मोडू दे."

गाय नेहमीसारखी थोडी बाजूला झाली. नांगर पडायची तिने वाट पाहिली. तो पडला नाही, तेव्हा ती तिथलेच काळे गवत खाऊ लागली. पिल्लूही खाऊ लागले. इसिंग तिच्या मागे मागे मला वल्हवत राहिली, वल्हे आपटत राहिली, आणि ती दर वेळी तेवढीच सरकली. आम्ही तिला तेवढेच शिकवले होते.

पुढे पिल्लू मरून किनाऱ्याला लागले. गाय पुन्हा दिसली नाही. इसिंगने मला वाळूवर पालथी घातली आहे. कडेवर खेकडा जरी टकटक करत चालला, तरी मी दचकते.

मित्रांनो, समुद्रात तेल सांडू देऊ नका. एकदा सांडले की खालच्यांना "इथून पळा" असे सांगता येत नाही. आम्ही सांगून पाहिले आहे.