सिंधुबाईची साक्ष

सिंधुबाईने डबा ओट्यावर जरा जोरातच आदळला. झाकण निघून घरंगळत तापीबाईच्या पायाशी गेलं. तापीबाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. तिने डाव्या हाताने झाकण उचललं, वाकून डब्यात पाहिलं.

"वांगा?"

"हां."

"कालबी वांगाच व्हतात."

सिंधुबाईने ओठ आवळले. पदर खोचला, आदल्या दिवशीचा रिकामा डबा उचलला आणि मागे न पाहता मागच्या कुंपणाच्या तारांतून वाकून बांधावरून घराकडे चालू लागली. डबा धुतलेलासुद्धा नव्हता.

तापीबाई तिची चुलत जाऊ. म्हसावदच्या बाहेर दोघींची घरं एकाच वावराच्या दोन टोकांना. तापीबाईचं घर रस्त्याला लागून, सिंधुबाईचं मागे, नाल्याच्या अंगाला. पूर्वी सगळ्यांची ये-जा तापीबाईच्या अंगणातूनच व्हायची. मग बांधावरून वाद झाला. तापीबाईच्या नवऱ्याने, बन्सीलालने, वाटेवर काटेरी तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं. रोजची तोंडातोंडी सुरू झाली. सिंधुबाईकडच्यांनी नाल्यातून फिरून जायचं, असं ठरलं, म्हणजे बन्सीलालने ठरवलं.

दोन वर्षांपूर्वी कपाशी निंदताना इंद्रसिंगच्या, म्हणजे सिंधुबाईच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली. भरदुपार होती. रस्त्यावर धडगावकडून आलेली जीप थांबवून धरलेली. चौघांनी त्याला खाटेवर घालून फाटकापर्यंत आणलं. सिंधुबाईने फाटक हलवलं, हाका मारल्या, शिव्याही दिल्या. तापीबाईच्या घराचं दार उघडलं नाही. शेवटी खाट वळवली आणि नाल्यातून, दगडधोंड्यांतून, लांबच्या वाटेने नेली. दवाखान्यात पोचेपर्यंत इंद्रसिंगचे हात गार पडले होते. "जरा आधी आनलं आसतं तर?" असं तिने डॉक्टरला विचारलं होतं. त्या तरुण पोराने नुसती मान खाली घातली.

ती खाली घातलेली मान सिंधुबाईच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती.

पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत दिलवर पाळकांनी यंदा नवा नेम काढला होता. बायबलातलं वचन नुसतं ऐकायचं नाही, ते जगायचं. दर रविवारी प्रत्येकाने एक वचन घरी न्यायचं, ते आचरणात आणायचं आणि मग सर्वांसमोर साक्ष द्यायची, म्हणजे आलेला अनुभव सांगायचा. कुणाला जीभ सांभाळण्याचं वचन मिळालं, त्याने आठवडाभर बायकोला शिवी दिली नाही. कुणाला चिंता न करण्याचं मिळालं, तर तिची हरवलेली शेळी आपणहून परत आली. लोक टाळ्या वाजवत.

सिंधुबाईला मिळालं ते असं, की शत्रू भुकेला असला तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास होईल.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तापीबाई न्हाणीत घसरून पडली, मनगट मोडलं. बन्सीलाल आणि मुलगा-सून गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. घरात एकटी. याहून स्पष्ट प्रभूने आणखी काय सांगावं?

सिंधुबाईला त्या वचनातले निखारे फार आवडले होते. पहिल्या दिवशी दादर ज्वारीच्या भाकरी आणि तुरीची डाळ घेऊन गेली, तेव्हा ती तापीबाईच्या कपाळाकडे पाहत उभी होती. आता रडेल. आता पाय धरील. तापीबाईने भाकरी मोडली, डाळीत बुडवली, चावली, पाणी प्यायली. ढेकर दिला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. सिंधुबाई भल्या सकाळी चुलीपुढे बसायची, भाकरी थापताना हात असा आपटायची की परातीतलं पीठ उडायचं. डबा न्यायचा, ठेवायचा, परत यायचं. तिकडून एक शब्द नाही. बरं केलंस नाही, की चुकलं माझं नाही. उलट एकदा भाकर जाड झाली म्हणून नाक मुरडलं.

शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर तिने दिलवर पाळकांना मोटरसायकलला किक मारू दिली नाही.

"पाळकसाहेब, ते निखारे काही पेटत नाहीत."

"कसले निखारे?"

"वचनातले. तिच्या डोक्यावरचे. ती नुसती खाते."

पाळक हसले. "निखारे म्हणजे लाज, पश्चात्ताप. ते काम प्रभूचं आहे, बाई. तुम्ही फक्त देत राहा. प्रभू सगळं पाहतो."

"प्रभू पाहतो, आणि ती खाते," सिंधुबाई म्हणाली. "मधल्या मधी मीच जळते."

पाळकांनी हे ऐकलं की नाही, कोण जाणे. गाडी सुरू झाली होती. "रविवारी साक्ष तुमची," ते जाता जाता म्हणाले. "मंडळीला मोठं उत्तेजन मिळेल. अशा शत्रूला कुणी जेवू घातलेलं नाही अजून."

रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. त्या सकाळी तिने चूल पेटवलीच नाही. का ते तिलाही सांगता आलं नसतं. उपासना सुरू झाली, गाणी झाली, नाव पुकारलं गेलं. ती उठून पुढे गेली. बायका आधीच मान डोलवत होत्या. कमलबाईने तर डोळ्यांना पदर लावून ठेवला होता.

"मी तिला रोज डबा देते," सिंधुबाई म्हणाली. शाळेतलं मराठी तिच्या जिभेवर अवघडलं. "रोज. पण मी तिला क्षमा केलेली नाही. डबा देताना माझा हात जळतो. खोटं बोलायला इथे उभी राहू का?"

कुणी टाळी वाजवली नाही. दिलवर पाळकांनी घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं. गाण्याच्या आडून ती बाहेर पडली, चपला पायात सरकवल्या आणि थेट तापीबाईच्या घरी गेली. रस्त्याच्या बाजूने, समोरच्या दारातून.

तापीबाई ओट्यावर बसली होती. तिने सिंधुबाईचे रिकामे हात पाहिले.

"आज डबा नही आना का?"

"नही."

"मंग काबरं उनी?"

सिंधुबाईने किती दिवस घोटलेलं वाक्य, पण बाहेर आलं ते अगदी साधं होऊन आलं.

"मन्हा माणूस खाटवर व्हता, बाई. मी फाटक हलायी ऱ्हायनू व्हतू. तुले आयकू उनं व्हतं ना?"

तापीबाईने प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा ओढला.

"उनं व्हतं," ती म्हणाली.

सिंधुबाई खांबाला धरून उभी राहिली. ऐकू आलं होतं. इतक्या सरळ कबुलीची तिने तयारी केलेली नव्हती.

"माले वाटनं, आजबी भांडाले उनात. रोजनंच व्हतं ना ते. म्हनीसन पडी ऱ्हायनू." तापीबाईचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "मंग तुन्हं रडनं आयकं. उठनू, चावी लीसन भाईर उनू. तवलोंग खाट नालामा उतरी गयथी."

"हाक काबरं नही मारी?"

"मारी नही." तापीबाईने मान हलवली. "तोंड नही उघडनं. आन मंग दोन वरीस व्हई गयात. तू डबा ठेवस, चालनी जास. मी रोज वाट दखस, आज बोलशी, उद्या बोलशी. तुन्ही भाकर मन्हा घसामा कशी उतरस, माले ठाऊक."

सिंधुबाईला ओरडायचं होतं. नाल्यातले दगड, खाटेचा खूर तुटला तो क्षण, गार पडलेले हात, सगळं तिच्या अंगावर फेकायचं होतं. पण ती खाली बसली, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. रस्त्यावरून माणसांनी ठासून भरलेली जीप गेली.

मग तापीबाई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, काहीतरी हातातून निसटून पडलं, परत उचललं गेलं. ती बाहेर आली तेव्हा डाव्या हातात एक ताट होतं, वाकडं धरलेलं. डबा आला नाही म्हणून तिने एका हाताने जमेल तसं शिजवलं होतं. पातळ डाळ, आणि भाकरीच्या नावाचे करपलेले तुकडे. तिने ताट दोघींच्या मध्ये ठेवलं आणि दूर सरकून बसली.

सिंधुबाई ताटाकडे पाहत राहिली. डाळीवर साय धरली. एक माशी येऊन बसली, तिने ती हाताने हाकलली. हात तसाच ताटावर राहिला. थोड्या वेळाने तिने एक तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. तापीबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

सिंधुबाईने घास चावला. गिळला.

"डाळमा मीठ नही शे," ती म्हणाली.

तापीबाई लगबगीने उठली, मीठ आणायला.