रोज दिवेलागणीला येणारं गिऱ्हाईक

सूनबाईचं डोकं पार चक्रावून गेलं होतं. ऑनलाइन दुकानात माणसं येत होती, घड्याळं बघत होती आणि हात हलवत परत जात होती. कुणी एखादं विकत घेईल तर शपथ.

दुकान सासऱ्यांचं. जुनी, बंद पडलेली घड्याळं आणायची, खोलून चालती करायची आणि काचेत मांडायची, यात बाबांचा जन्म गेला. रस्त्यावरच्या दुकानात चिटपाखरू फिरकेना, तेव्हा "बाबा, शटर कायमचं ओढा, आता घरातूनच विकू" असं सूनबाईनेच त्यांना भरीला घातलं. बाबा एका शब्दाने विरोध न करता तयार झाले आणि तेच तिला आता खात होतं. आपल्या शब्दाखातर त्यांनी दुकान मोडलं आणि इथे एक घड्याळ हलत नाही, त्यांना तोंड कसं दाखवायचं?

मोठ्या कंपन्या असल्या दुखण्यावर तज्ज्ञ नेमतात. तिने स्वस्तातला उपाय शोधला. अनोळखी माणसं आपलं दुकान वापरून बघतात, वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलतात आणि त्याचं रेकॉर्डिंग आपल्याला मिळतं. दोघाचौघांच्या चहापाण्याच्या खर्चात काम झालं.

"छान आहे हो," रेकॉर्डिंगमधली पहिलीच बाई म्हणाली, "पण सगळंच संपलंय की. घेऊ काय?"

बाकीच्यांचंही तेच. सूनबाईने सकाळी दुकान उघडून पाहिलं, तर सगळी घड्याळं जागच्या जागी. मग ही मंडळी गेली होती तरी कुठल्या दुकानात?

"तुझं बटण दिसत नसेल त्यांना," नवरा म्हणाला. असल्या वेळी नवऱ्याला न विचारलेलंच बरं. तरी तिने बटण मोठं केलं. मग हिरवं केलं, मग लाल. प्रत्येक घड्याळाखाली बाबांनी हौसेने लिहून दिलेला मजकूर होता. तो वाचता वाचता लोक कंटाळत असतील, म्हणून तोही काढून टाकला. कशानेच फरक पडला नाही.

शेवटी तिने एक फुकटचं साधन जोडलं. गिऱ्हाईक कुठे फिरलं, कुठे थबकलं, कशावर बोट टेकवलं, सगळं ते सिनेमासारखं दाखवायचं. फुकटचं असल्यामुळे गिऱ्हाईक कोण, ते मात्र सांगायचं नाही. त्यात तो सापडला.

रोज दिवेलागणीला यायचा. आधी भिंतीवरचं मोठं घड्याळ ट्रेमध्ये टाकायचा. (इतर दुकानांत कार्ट असते, तिथे सूनबाईने हौसेने बाबांच्या जुन्या लाकडी ट्रेचं चित्र लावलं होतं.) मग टेबलावरचं, मग प्रवासातलं, शेवटी गजराचं. सगळं दुकान ट्रेमध्ये भरून झालं की पान एकदा खाली, एकदा वर सरकवायचा आणि पैसे न देताच निघून जायचा. सकाळी परत येऊन एकेक घड्याळ बाहेर काढायचा.

प्रत्येक घड्याळ एकुलतं एक. घेणाऱ्याला निवांत विचार करता यावा म्हणून ट्रेमधला माल दुसऱ्याला 'संपला' असाच दिसेल, अशी सोय तिनेच करून ठेवली होती. पण हा इसम रोज विचार करतोय तरी कसला? चोर म्हणावं तर नेत काही नाही, गिऱ्हाईक म्हणावं तर घेत काही नाही. वेडा म्हणावं, तर क्रम कधी चुकत नाही.

एका संध्याकाळी पडद्यावर हिरवा ठिपका लागला. म्हणजे दुकानात आत्ता कुणीतरी होतं.

"अहो, धावा! आलाय मेला!"

नवरा हातातल्या वाढायच्या डावासकट धावत आला. भिंतीवरचं ट्रेमध्ये गेलं. टेबलावरचं गेलं.

"बाबा, पानं वाढलीत, चला!" नवऱ्याने तिथूनच आतल्या खोलीकडे हाक मारली.

पडद्यावरचं बोट थांबलं.

"आलोच रे," आतून बाबांचा आवाज आला. "दोनच राहिलीत, तेवढी आत ठेवतो."

पडद्यावर दोनच राहिली होती.

बाबा पलंगावर बसून जुन्या टॅबलेटवर वाकले होते. दुकान बघायला म्हणून तो सूनबाईनेच त्यांना दिला होता.

"बाबा, हे काय करताय?"

"दुकान बंद करतोय. रात्री काचेत माल ठेवून कुणी घरी येतं का? तुझ्यामागे एवढी कामं, म्हटलं हे तरी आपण करावं."

"आणि ते पान खाली-वर?"

"कुलूप ओढून बघायला नको?"

हसावं की रडावं, तिला कळेना. "अहो बाबा, हे दुकान बंद करायचंच नसतं. लोक दिवसभराची कामं उरकून रात्रीच तर घेतात."

आता गोंधळायची पाळी बाबांची. "बंदच करायचं नाही?"

"नाही."

"मग दुकानदाराने घरी यायचं कधी?"

सूनबाईचं स्वतःचं ताट कित्येक दिवस लॅपटॉपशेजारीच गार होत होतं. तिने लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसली. ट्रेमधली दोनही बाहेर निघाली; सगळी घड्याळं उघड्यावर राहिली. बाबा जेवताजेवता सारखे आतल्या खोलीकडे बघत होते.

सकाळी त्यांच्या ओरडण्यानेच घर जागं झालं.

"मी सांगत होतो! उघडं टाकलंत आणि गेलं ना! गजराचं गेलं!"

सूनबाईने टॅबलेट हिसकावून घेतला, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तिचा आवाज चिरकला. "चोरीला नाही गेलं बाबा. विकलं गेलं!"

नवऱ्याने टाळ्या पिटल्या. बाबा मात्र पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"किल्ली उलटी द्यावी लागते त्याला," ते म्हणाले. "नेणाऱ्याला सांगितलंस ना?"

सांगितलं नव्हतं. लोक कंटाळतात म्हणून तिने नेमकं तेच पुसून टाकलं होतं. ती कागद-पेन घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"सांगा बाबा. डब्यात चिठ्ठी घालते. आणि बाकीच्यांखालचं सगळं आजच परत लिहिते."

"डावीकडे फिरवायची," बाबा सावकाश सांगू लागले. "हळूहळू. घाई केली की ते रुसतं."