दिवाळीचे तीन दिवस

आपण लई शहाणे आहोत असं माणसाला ज्या घडीला वाटतं, नेमकं त्याच घडीला देव गालातल्या गालात हसत असतो. जून महिन्यात बेळगावच्या कोर्टात, मध्यस्थीच्या खोलीत, शामू अशाच शहाणपणात बसला होता. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको मंजुश्री, आणि मधे मध्यस्थ वकीलबाई. नवरा-बायको दोन वर्षं वेगळी राहत होती. शामू उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे बांधणारा मोल्डर, वडगावात भाड्याच्या खोलीत एकटा. मंजुश्री निपाणीला बापाच्या घरी, आणि नऊ वर्षांची रचना तिच्याजवळ. संसार तुटला होता तो तुटलाच होता, आता पोरीच्या सुट्ट्या वाटायच्या होत्या.

"दसरा कुणाकडं, दिवाळी कुणाकडं?" बाईंनी विचारलं.

शामूनं दमसुद्धा खाल्ला नाही. "दिवाळीची सगळी सुट्टी माझी. दसरा तिला घेऊ दे."

"विचार करून सांगताय ना?"

"व्हय व्हय."

मनातून तो खूश होता. त्याची स्वतःची शाळा झाली मामाच्या घरी, चंदगडला, महाराष्ट्रात. तिथं दसरा म्हणजे एक दिवस, आपट्याची पानं वाटली की संपला. दिवाळी मात्र तीन आठवडे! मंजूच्या हातात एक दिवस ठेवून आपण तीन आठवडे मारले, असं त्याला वाटलं. मंजुश्रीनं तेवढी एकदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार असं तिचं तोंड झालं, मग मिटलं. बाईंनी कागद पुढं सारला, "इल्ली सही माडरी," आणि दोघांनी सह्या केल्या.

शामूचं शहाणपण उतरलं ते सप्टेंबरात, फाउंड्रीत चहाच्या सुट्टीत. ओमकार नावाचा त्याचा जोडीदार कप हातात घेऊन कुरकुरत होता, "उद्यापासनं पोरांना दसऱ्याची सुट्टी. सतरा दिवस घर डोक्यावर घेणार बघ."

"दसऱ्याला सतरा दिवस?"

"मग? दर वर्षी असती की."

"आन् दिवाळीला?"

"दिवाळीला तीन. कर्नाटकातच ऱ्हातोस न्हवं तू? का चंद्रावरनं आलास?"

सगळे हसले. शामूच्या हातातला चहा तसाच निवला. रचना पहिलीत गेली, दुसरीत गेली, तेव्हा तो त्याच घरात होता. पण शाळा कधी सुटते नि कधी भरते ते मंजूच बघायची. हा शिफ्टवरनं यायचा, जेवायचा, झोपायचा. पोरगी चार दिवस घरात दिसली नाही तर आजोळी गेली असेल म्हणायचा.

त्यानं तिथूनच फोन लावला.

"मंजू, चुकलं माझं. सुट्टी अर्धी-अर्धी करू या."

"कागद वाचा," ती म्हणाली.

"कागद न्हाय गं, पोरगी..."

"पोरीच्या बापाला पोरीची सुट्टी कवा असती ते ठाऊक न्हाय. त्यात मी काय करू?" फोन बंद.

सासऱ्याला, मल्लाप्पांना, लावला. ते सभ्य माणूस. "जावईबापू, सही तुमचीच हाय न्हवं? मी कुठल्या तोंडानं तिला सांगू?" वकिलाकडं गेला. वकील म्हणाला, अर्ज करता येईल, पण आता कोर्टालाच दसऱ्याची सुट्टी. पुढची तारीख दिवाळीनंतर.

तारखेपर्यंत थांबायला त्याची ना नव्हती, पण आत काहीतरी संपत चाललं होतं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दोन तास, निपाणीच्या स्टँडजवळच्या हॉटेलात, एवढीच बापलेकीची गाठ. मागच्या खेपेला त्यानं तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, तर ती कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "थँक यू, पप्पा." पाहुण्याला म्हणावं तसं. पूर्वी ही पोरगी त्याच्या ताटातली भाकरी न विचारता ओढून घ्यायची. त्या थँक यूनं शामूला जेवढं भाजलं, तेवढं वितळलेल्या लोखंडानंही कधी भाजलं नव्हतं.

त्यात गावाकडं सप्ताह बसला. लोंढ्याच्या अलीकडं, जंगलाच्या कडेला त्याचं गाव. तिथं नवरात्रात देवळात सप्ताह असतो, रोज कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काला. शामूचा बाप भावकू टाळकऱ्यांच्या रांगेत चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस. रचना पाच वर्षांची असताना आज्जाच्या धोतराला धरून त्या रांगेत उभी राहायची, आणि ताल कधी चुकायची नाही. "पोरगी कवा येती रं?" भावकूचा रोज फोन. "तिची जागा ठेवलीया. दुसऱ्या पोरांस्नी उभं ऱ्हाऊ देत न्हाय."

शामूनं तिच्यासाठी काशाचे छोटे टाळ ओतून आणले होते. ओळखीच्या एका ओतशाळेत, सुट्टीच्या दिवशी, स्वतः वाळूचा साचा बांधून. पहिली जोडी बद्द वाजली, ती परत वितळवली. दुसरीही तशीच. तिसरी वाजली ती अशी, की ओतशाळेतला म्हातारा हातातलं काम ठेवून बघायला आला. ते टाळ फडक्यात बांधून खुंटीला लटकत होते, आणि सुट्टीचे सहा दिवस सरले होते.

सातव्या दिवशी शामू मोटरसायकल काढून निपाणीला निघाला. बोलायला निघाला नव्हता. हे त्याला संकेश्वरच्या पुढं कळलं, जेव्हा आपण वाटेतल्या पोलीस चौक्या मोजतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

मल्लाप्पांच्या गल्लीत विठोबाचं देऊळ आहे. तिथं नवरात्रात चार वाजता, बायाबापड्यांना सोयीचं, दुपारचं कीर्तन असतं. रचना तिथं असणार हे त्याला माहीत होतं. गाडी त्यानं हायवेच्या दिशेनं तोंड करून लावली, टाळांचं फडकं हँडलला अडकवलं आणि मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसला.

कीर्तनाला वडगावच्या इंदुताई उभ्या होत्या. उभा जन्म मागावर साड्या विणलेली बाई; आवाजही तसाच, घट्ट विणीचा. पुढं टाळकऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी रचना उभी होती, हातात देवळाचे मोठे टाळ, मनगटं लाल झालेली, पण ठेका चोख. मंजुश्री बायकांच्यात खांबाला टेकून बसली होती.

इंदुताई सांगत होत्या, "दोन भाऊ होते बघा. बाप मेला, वाटण्या झाल्या. भांडी वाटली, बैलं वाटली, ऱ्हायला मृदंग. एकच. हा म्हणतो माझा, तो म्हणतो माझा. शेवटी करवत आणली की हो! मधोमध कापला. शाईची बाजू थोरल्याला, कणकीची बाजू धाकट्याला. दोघंबी खूश. म्हटलं, बरं झालं बाबांनो, आता वाजवून दाखवा!"

देऊळ हसलं. शामूही हसला, मग हसता हसता थांबला. त्यानं मान वळवली. अर्धा मृदंग तर अर्धा, आपल्याला तोही मिळेना, असं काहीतरी त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात रचनानं त्याला बघितलं. ठेका चुकला. गजर सुरू झाला, सगळ्यांचे डोळे मिटले, आणि ती रांगेतून निघून चपलांपाशी आली.

"पप्पा, आज संडे न्हाय न्हवं?"

"न्हाय. चल. आज्जाकडं जाऊ या. सप्ताह हाय."

तिचा चेहरा उजळला. "मम्मीला सांगून येते."

"मी सांगितलंय," शामू म्हणाला. विठोबाच्या उंबऱ्यापासून चार हातांवर हे खोटं बोलताना त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. पुढं कित्येक दिवस त्याला त्याचंच नवल वाटत राहिलं.

ती गाडीवर बसली. त्यानं किक मारली. तोच मागून, "पप्पा, थांबा. टाळ ठेवून येते."

तिच्या गळ्यात देवळाचे टाळ तसेच होते.

"ऱ्हाऊ दे. तुला नवीन केलेत मी. हे बघ, फडक्यात हाईत."

"पण हे देवाचे हाईत की. न विचारता नेले तर चोरी हुती."

गाडी घुरघुरत होती. शामूनं हँडल घट्ट धरलं होतं. हायवे दोनशे पावलांवर, नऊ वर्षांचं ओझं पाठीला टेकलेलं, गरम, खरंखुरं, दोन वर्षांनी. घाल गिअर, त्याचं मन म्हणत होतं, घाल. पण त्याचा पाय काही हलेना.

त्यानं गाडी बंद केली. "चल. ठेवून येऊ."

दोघं आत गेली तेव्हा आरती होऊन भेटी सुरू झाल्या होत्या. त्या देवळाची रीत अशी, की कीर्तन संपलं की कुणी तसंच घरी जायचं नाही. दोन रांगा समोरासमोर सरकतात आणि लहान-थोर, बाप्ये-बाया, जो समोर येईल त्याच्या पाया पडतात. तो आपल्या पडतो. सासू सुनेच्या पडते. समोर वैरी आला म्हणून पाऊल मागं घ्यायचं नाही. रचना टाळ खुंटीला अडकवायला धावली, आणि शामू दारातच रांगेत ओढला गेला. एक म्हातारी त्याच्या पाया पडली, मग एक शाळकरी पोर, मग सासरे मल्लाप्पा. ते दचकले, पण वाकले. आणि मग समोर मंजुश्री.

शामू वाकला. कपाळ तिच्या पायाला लागलं आणि तो उठेचना.

"पुढं सरका की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"असू दे," इंदुताईंचा आवाज आला. "देव काय पळून चाललाय?"

खाली तोंड घालूनच शामू बोलला. "मी तुला फशिवत हुतो, मंजू. मला वाटलं दसरा एक दिवस असतोय. तुला एक दिवस द्यायचा आन् आपण सगळी सुट्टी घ्यायची, असा माझा डाव हुता. आन् आत्ता मी तिला न्हेत हुतो. गाडीवर बसवलं हुतं. तुला सांगितलंय म्हणून तिला खोटं सांगितलं."

रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. शामूला दिसत होते ते फक्त मंजुश्रीचे पाय. वर बघायचं धैर्य नव्हतं. आता ती ओरडेल, आता मेव्हणे येतील, आता तो दुसरा रविवारही गेला. सगळं गेलं, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते तसंच होतं.

तो उठून उभा राहिला. आता तिची पाळी. ती वाकेना. दगडासारखी उभी. रांग थांबलेली, गल्ली बघतेय, इंदुताई बघतायत. रचना खुंटीपाशी हात छातीशी धरून उभी.

शेवटी मंजुश्री वाकली. रीतीपुरती वाकली. पण तेवढ्यात, त्याच्या पायापाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मला त्याच दिवशी ठाऊक हुतं, तुम्ही चुकताय ते. बोलले न्हाय. म्हटलं, पोरीचं काही ठाऊक हाय का बघू तरी." उठता उठता म्हणाली, "दिवाळीचे तीन दिवस तुमचे हाईत. ते आत्ता घ्या. दिवाळीला मागायचे न्हाईत."

शामूच्या डोळ्यांपुढं वडगावची खोली आली. दिवाळीच्या दिवशीची, एकट्याची, पणती न लावलेली.

"न्हाय मागत," तो म्हणाला.

देवळाबाहेर, गाडीपाशी मंजुश्री पिशवी भरून घेऊन आली. डोळे लाल, पण आवाज नेहमीचा, कोरडा. रचना बोटं मोजत होती.

"पण मम्मी, आजपासनं तीन दिवस म्हणजे काल्याला मी नसणार. काला चौथ्या दिवशी हाय. आज्जानं माझी जागा ठेवलीया."

शामूनं हँडलवरचं टाळांचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. तीन म्हणजे तीन. आता त्याच्या तोंडात मागणं उरलं नव्हतं.

मंजुश्रीनं पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "चौथा दिवस माझा," ती म्हणाली. "मी येते न्यायला. सकाळच्या बसनं. तिला परत आणायचं तुमच्यावर सोडायची न्हाय मी." मग रचनाकडं बघून, "काला झाल्यावर न्हेईन. खांबाजवळ बसते तंवर."

"मामंजींना सांगा," शामूकडं न बघता ती पुढं म्हणाली, "जेवायला थांबणार न्हाय."

"काल्याच्या दिवशी न जेवता कुणी जातंय व्हय?" रचना म्हणाली.

शामूनं शर्टाच्या खिशातनं कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स काढली. चार घड्या पडून मऊ झालेली. ती त्यानं गाडीच्या सीटवर पालथी पसरली, कोरी बाजू वर, आणि पेन उघडलं.

"काय करताय?"

"सांग. काय काय लागतं तिला?"

तिनं त्या कोऱ्या बाजूकडं बघितलं. मग सांगू लागली, भराभर, जणू दोन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. चिकू द्यायचा न्हाय, अंगावर पित्त उठतंय. रात्री पाय दुखतात, तेल चोळावं लागतं. मराठीचं होमवर्क राहिलंय. कुत्र्याला भीत न्हाय, कोंबड्याला भीती. वर्गाच्या मॅडमचं नाव भाग्यलक्ष्मी. शामू लिहीत होता. अक्षर साच्यातल्या वाळूसारखं ढासळत होतं, तरी लिहीत होता. रचना सीटच्या मागं टेकून नवे टाळ फडक्यातून सोडवत होती.

कागदाच्या तळाशी थोडी जागा उरली.

"आणि," तो म्हणाला, मान वर न करता, "शाळा परत कवा भरती? तारीख सांग."

तिनं सांगितली. त्यानं लिहिली, आणि खाली दोनदा रेघ ओढली.